एकाच कांद्याच्या गाडीचे दोन देशांत दोन आकडे का होतात?

नाशिकला एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, आपल्या जिल्ह्यातून जमिनीवरून बांगलादेशाला जाणाऱ्या मालावर मी प्रबंध लिहिते आहे. भारताचा निर्यातीचा आकडा आणि बांगलादेशाचा आयातीचा आकडा जुळतच नाही. खोटं कोण बोलतंय? प्रबंधात कुठला आकडा धरू? आणि सेवांचा व्यापार कसा मोजायचा? तो तर गेटवर दिसतच नाही."

खोटं बहुतेक वेळा कुणीच बोलत नाही. एकच गाडी दोन ठिकाणी, दोन दिवशी, दोन निरनिराळ्या कामांसाठी लिहिली जाते, म्हणून आकडे दोन होतात. पिंपळगाव बसवंतला मी गेली सव्वीस वर्षं कांदा-द्राक्षाच्या निर्यातीची कागदपत्रं करतो. त्यातली निम्मी तरी पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल नाक्यामार्गे बांगलादेशाला जाणाऱ्या गाड्यांची. संख्याशास्त्र मी पुस्तकातून शिकलो नाही, पण ज्या कागदावरून तुझा आकडा तयार होतो तो कागद रोज माझ्या टेबलावर असतो. म्हणून आपण एका गाडीपासून सुरुवात करू.

समजा लासलगावच्या लिलावात उन्हाळ कांदा 1,500 रुपये क्विंटलने घेतला, 300 क्विंटल. माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. तिथे बाया बसून निवड करतात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला, मोड आलेला आणि सडका बाजूला, मग पन्नास-पन्नास किलोच्या सहाशे गोण्या भरून गाडी लागते. कांदा साडेचार लाखांचा. निवड, बारदान, हमाली-वाराई मिळून 75 हजार. नाशिक ते पेट्रापोल जवळपास दोन हजार किलोमीटर, भाडं दीड लाख. सीमेजवळ बनगावला पार्किंग आणि तिथल्या एजंटाचे 15 हजार. व्यापाऱ्याचे 30 हजार. झाले 7,20,000. हिशेब सोपा जावा म्हणून डॉलर 80 रुपयांचा धरतो, म्हणजे गाडी 9,000 डॉलरची, टनाला 300. हे भाव मी उदाहरणापुरते घेतलेत, पण मांडणी खरी आहे.

आता पहिला प्रश्न: या गाडीची निर्यात किंमत किती? संयुक्त राष्ट्रांच्या शिफारशी सांगतात की निर्यात आपल्या सीमेवरच्या किमतीला मोजावी, आयात आयातदाराच्या सीमेवरच्या किमतीला. समुद्राने माल गेला तर या दोन सीमांच्या मधे हजारो मैल पाणी असतं, त्याचं जहाजभाडं आणि विमा आयातीच्या आकड्यात मिळतो आणि निर्यातीच्या आकड्यात नसतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी हा फरक भरून काढायला एके काळी सरसकट 10 टक्के धरायचा, नंतर 6 टक्के धरू लागला. बरेच विद्यार्थी हा नियम उचलतात आणि जमिनीच्या सीमेलाही लावतात. इथे तो लागू पडत नाही. पेट्रापोल संपतं तिथे बांगलादेशाचं बेनापोल सुरू होतं, मधे काही पावलांची झिरो लाइन. आपली सीमा आणि त्यांची सीमा एकच. म्हणजे व्याख्येप्रमाणे दोन्ही किमती जवळपास सारख्याच यायला हव्यात, आणि तरीही फरक दिसला तर तो भाड्या-विम्याच्या नावावर खपवता येत नाही. जमिनीच्या सीमेचा अभ्यास मला या एका कारणासाठी समुद्रापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. इथे फरकाला लपायला जागा कमी असते.

मग फरक येतो कुठून? माझ्या हातून झालेली चूक सांगतो. जहाजाने किंवा विमानाने जाणाऱ्या मालाला शिपिंग बिल लागतं आणि जमिनीवरून जाणाऱ्याला बिल ऑफ एक्स्पोर्ट, असा फरक 1962 च्या कस्टम्स कायद्यात आहे. बोलताना सगळे शिपिंग बिलच म्हणतात. त्यात इनव्हॉइसची रक्कम लिहितात, मग भाड्याचा रकाना, विम्याचा रकाना, आणि ते वजा होऊन सीमेवरची किंमत निघते. हे रकाने सीमेपलीकडच्या खर्चासाठी आहेत. नवा होतो तेव्हा एक संपूर्ण हंगाम मी त्या रकान्यात नाशिक ते पेट्रापोलचं भाडं लिहीत राहिलो. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची पावती, समोर होती, त्यावर भाडं छापलेलं होतं, रकान्याचं नावही भाडंच होतं. मला वाटलं, बरोबर आहे. वरच्या गाडीला हे लावून बघ. दीड लाख म्हणजे 1,875 डॉलर. 9,000 मधून गेले, राहिले 7,125. आपल्या वहीत गाडी 7,125 ची आणि पलीकडच्या वहीत 9,000 ची, कारण तिकडे एजंटाने इनव्हॉइस बघून लिहिलं. एका रकान्याने आकडा पाचवा हिस्सा उतरला. शुल्क शून्य होतं, कुणाचं नुकसान नव्हतं, म्हणून कुणी टोकलंही नाही. पुढे कोलकात्याच्या एका जुन्या एजंटाने फोनवर समजावलं की अरे, देशातलं भाडं हा मालाच्याच किमतीचा भाग आहे, तो वजा कसा करतोस? त्या हंगामातल्या माझ्या सगळ्या गाड्या देशाच्या आकडेवारीत कमी किमतीला कायमच्या बसल्या आहेत, आणि याचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या प्रबंधात टनामागची किंमत काढशील तेव्हा एखाद्या महिन्यात ती लासलगावच्या भावाला जवळजवळ चिकटलेली दिसेल. लासलगावचा भाव अधिक निवड-बारदान अधिक भाडं यापेक्षा ती कमी असेल, तर आधी हा रकाना आठव.

वजनाचं बोलू. कांदा हा जिवंत माल आहे, रस्त्यात घटतो. पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस अडली तर गोणीच्या तळाला पाणी सुटतं. आपण लिहिलेलं वजन खळ्यावर भरलेल्या गोण्यांचं, सहाशे गुणिले पन्नास, म्हणजे निव्वळ 30,000 किलो. बेनापोलला गाडी भुईकाट्यावर चढते, भरलेली आणि रिकामी. तिथे जे येतं त्यात घट झालेली असते आणि बारदान धरलेलं असतं. गोणी अर्ध्या किलोची धरली तरी सहाशे गोण्यांचे 300 किलो. ते वजा केले की नाही यावर तिकडचा आकडा हलतो. एका गाडीला ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण रकान्यासारखी ही चूक एका दिशेने साचत जाते. तरीही माझा अनुभव असा की कांद्यात वजनाचा आकडा किमतीच्या आकड्यापेक्षा खूप खात्रीचा असतो. वजनाला काटा असतो. किमतीला हेतू असतो.

हा हेतू कसा काम करतो ते गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याइतकं कुणी पाहिलं नसेल. 19 ऑगस्ट 2023 ला कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. 8 डिसेंबरला सरळ बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क घेऊन. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. शेतकऱ्याचं यात काय झालं ते तुला घरीच कळलं असेल. मी फक्त आकड्यांचं बोलतो. किमान मूल्य असतं तेव्हा त्याच्या खाली कागद निघूच शकत नाही. माझी 300 डॉलरची गाडी त्या काळात 550 च्या खाली लिहिता येत नाही, म्हणजे 9,000 ची गाडी कागदावर 16,500 ची होते. शुल्क टक्क्यात असतं तेव्हा ओढ उलटी: जेवढी किंमत कमी दाखवावी तेवढं शुल्क कमी. पलीकडेही आयात शुल्क असेल तर आयातदाराला किंमत कमी हवी असते, आणि तिकडचे अधिकारी त्यांना पटेल ती किंमत धरून शुल्क लावतात. अशा महिन्यांत टनामागच्या किमतीचा जो आलेख येतो तो ढाक्याच्या बाजाराचा नसतो, दिल्लीच्या अधिसूचनेचा असतो. म्हणून आलेखाच्या खाली डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) आणि अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनांच्या तारखा उभ्या रेघांनी आखून घे. हे काम एका संध्याकाळचं आहे आणि त्याशिवाय पुढचं कुठलंही गणित मी वाचणार नाही.

बंदीच्या काळातही आकडा शून्य नसतो, हेही लक्षात ठेव. 2024 च्या मार्चमध्ये नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स लिमिटेडमार्फत बांगलादेशाला 50,000 टन द्यायला सरकारने परवानगी दिली होती. त्या महिन्यांतला व्यापार असतो, पण व्यापारी बदललेला असतो आणि किंमत बोलणीतून ठरलेली असते.

तारखांची भानगड सोपी आहे, पण विद्यार्थी तिथेच जास्त फसतात. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, बांगलादेशाचं जुलै ते जून. दोन वार्षिक आकडे शेजारी ठेवले की तुलना तिथेच बिघडली. महिन्याचे आकडे घेऊन स्वतः बेरीज कर. त्यातही आपल्याकडे गाडीला लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल बाहेर जाऊ देण्याची कस्टम्सची परवानगी, मिळाली की निर्यात झाली, आणि तिकडे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, झाला की आयात. 30 मार्चला सुटलेली गाडी तिकडे 3 एप्रिलला लिहिली जाते. एरवी हा फरक पुढच्या महिन्यात भरून निघतो. सीमा अचानक बंद होते तेव्हा निघत नाही. 14 सप्टेंबर 2020 ला बंदी आली त्या संध्याकाळी माझ्या सात गाड्या बनगावजवळ उभ्या होत्या. कागद कुठवर पोचला होता त्यावर प्रत्येक गाडीचं नशीब वेगळं ठरलं. ज्यांचे कागद बंदीआधी कस्टम्सकडे गेले होते त्या काही दिवसांनी सुटल्या, बाकीच्यांचा कांदा कोलकात्यात मिळेल त्या भावाला गेला. ड्रायव्हर रोज फोन करायचे, शेठ, वास यायला लागला. सप्टेंबर 2020 चे दोन्ही बाजूंचे आकडे म्हणूनच सुटे घेऊ नकोस. ऑगस्ट ते ऑक्टोबर एकत्र धर.

आता नाशिकचा प्रश्न, जो तुझ्या प्रबंधाचा गाभा आहे आणि जिथे मला खरी काळजी वाटते. नाशिकहून किती गेलं हे कळणार कसं? पिंपळगावचा व्यापारी बऱ्याचदा स्वतः निर्यात करत नाही. तो कोलकात्याच्या किंवा बनगावच्या निर्यातदाराला माल देतो, आणि कागद त्या निर्यातदाराच्या नावाने होतो. आपल्याकडून ती गाडी म्हणजे साधी देशातली विक्री. ताज्या कांद्याला जीएसटी नाही, ई-वे बिलाची सक्ती नाही, म्हणजे रस्त्यावर मागे राहणारी खूणही नाही. फेब्रुवारी 2020 पासून कागदात माल कुठल्या राज्यातला आणि कुठल्या जिल्ह्यातला हे लिहिणं सक्तीचं झालं आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. पण तो रकाना भरणारा माणूस पेट्रापोलच्या कार्यालयात बसलेला असतो. त्याच्यासमोर निर्यातदाराचा पत्ता असतो, कांद्याचं शेत नसतं. गाडीत नाशिक, अहिल्यानगर आणि इंदूरचा माल एकत्र असेल तर तो काय लिहील? मी आमच्या गाड्यांसोबत आता बाजार समितीच्या पावत्यांची यादी जोडतो आणि जिल्हा नाशिकच लिहायला सांगतो. जिल्ह्यातल्या सगळ्या व्यापाऱ्यांनी हे करावं असं मी बैठकांत कळकळीने सांगत आलो आहे. जिल्ह्याची निर्यात कमी दिसली की शीतगृह, रेल्वेचे रेक (मालगाड्या), निर्यात सुविधा मागताना आपल्या हातात पुरावा राहत नाही.

सगळा कांदा पेट्रापोलनेही जात नाही. घोजाडांगा, महदीपूर, हिली ही तीन नाकी कांद्याच्या लोकांच्या तोंडात असतात. रेल्वे वेगळीच. मे 2020 मध्ये टाळेबंदीत रस्ते अडले तेव्हा लासलगाव, खेरवाडी, निफाडहून कांद्याचे रेक गेदेमार्गे बांगलादेशातल्या दर्शनाला गेले होते. एका रेकमध्ये कितीतरी गाड्यांचा माल. मार्ग बदलला की नाक्याचा आकडा पडतो आणि व्यापार मात्र तेवढाच राहतो. उलट्या दिशेचं उदाहरण ताजं आहे: 17 मे 2025 ला भारताने बांगलादेशचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून घ्यायचं थांबवलं आणि फक्त न्हावा शेवा व कोलकाता बंदरांतून येऊ दिले. फक्त पेट्रापोलची वही बघणाऱ्याला तिथला आकडा कोसळलेला दिसेल, आणि त्यातला किती माल थांबला, किती बंदराकडे वळला, हे त्या वहीतून कळणार नाही. म्हणून नाका आणि देश हे दोन वेगळे प्रश्न समज. जमिनीवरचा व्यापार किती, हे नाक्यानाक्याची बेरीज सांगते. बांगलादेशाशी व्यापार किती, हे कोलकात्याच्या डीजीसीआयएसचा, म्हणजे वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाचा, देशवार आकडा सांगतो.

देश कुठला धरायचा यातही एक गाठ आहे. आयात मूळ देशाच्या नावावर लिहितात, निर्यात शेवटच्या ज्ञात मुक्कामाच्या देशाच्या नावावर. 2019 मध्ये आपल्याकडे कांदा महागला तेव्हा पंजाबातल्या अटारी नाक्यावरून अफगाण कांदा अमृतसरला उतरला. तो पाकिस्तानच्या रस्त्यांवरून आला, पण आपल्या वहीत अफगाणिस्तानची आयात म्हणून लागला, आणि ते बरोबरच आहे. नेपाळला कोलकाता, हल्दिया बंदरांतून रक्सौलमार्गे जाणारा परदेशी माल आपल्या जमिनीवरून जातो, आपल्या गेटातून बाहेर पडतो आणि तरी आपली निर्यात नसतो. तो पारगमन. नाक्यावर उभं राहून गाड्या मोजणाऱ्याने प्रत्येक गाडीला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

ज्याला गाडीच नाही अशा मालाचं एक वाक्यात सांगतो: वीज ही माल म्हणून मोजतात, बहरामपूर-भेडामारा तारेवरून 2013 पासून ती बांगलादेशाला जाते आणि तिथे मीटर हाच काटा. ही मोजणी कांद्यापेक्षा कितीतरी सोपी.

जे कागदावर येतच नाही त्याचं काय? भारत-बांगलादेश सीमा 4,096 किलोमीटरची, नेपाळची 1,751 किलोमीटरची आणि ती तर उघडी. सायकलला दोन गोण्या बांधून जाणारा माणूस बिल ऑफ एक्स्पोर्ट करत नाही. मेघालयात कलाईचरला जुलै 2011 मध्ये पहिला सीमा हाट सुरू झाला. तिथे आसपासच्या पाच किलोमीटरमधली माणसं स्थानिक चलनात खरेदी करतात, आणि माणशी खरेदीची मर्यादा 50 डॉलरवरून पुढे 200 डॉलरपर्यंत वाढली. हाटाची निदान नोंदवही असते. बाकीच्यासाठी तिथे जाऊन बसावं लागतं. युगांडाची सांख्यिकी संस्था 2005 च्या आसपासपासून हे नेमाने करते: माणसं सीमेवर बसवायची, डोक्यावरची पाटी, सायकल, हातगाडी मोजायची, दोन्ही दिशांनी. आपल्याकडे कुणी करायचं ठरवलं तर माझा एकच आग्रह राहील. बाजाराचा दिवस आणि बिनबाजाराचा दिवस वेगवेगळे मोजा, आणि सणाआधीचा आठवडा सरासरीत मिसळू नका. दसऱ्याच्या आठवड्यात नेपाळच्या सीमेवरची गर्दी ज्याने पाहिली आहे तो एका दिवसाला 365 ने गुणणार नाही.

दोन देशांनी भांडण मिटवायचं ठरवलं तर ते किती साधेपणाने मिटतं याचं उदाहरण अमेरिका आणि कॅनडाचं. 1990 पासून हे दोघे एकमेकांना आयातीचे आकडे देतात, आणि अमेरिका कॅनडाला केलेल्या निर्यातीसाठी कॅनडाचा आयातीचा आकडाच वापरते, कॅनडाही तसंच. कारण अनुभवाचं आहे. येणाऱ्या मालावर कर असतो म्हणून प्रत्येक देश आयात डोळ्यांत तेल घालून लिहितो, जाणाऱ्या मालाकडे तितकं बघत नाही. आपल्याकडे कांद्याच्या बाबतीत मात्र मी हे जसंच्या तसं घेणार नाही. शुल्क, किमान मूल्य किंवा बंदी असते तेव्हा आपल्या बाजूलाही गाडी कडक तपासली जाते, आणि पलीकडे शुल्क लावण्यासाठी धरलेली किंमत व्यवहारातली असेलच असं नाही. वजनासाठी त्यांचा काटा, किमतीसाठी दोन्ही कागद, असं माझं मत.

आता सेवा. तू म्हणतेस त्या गेटवर दिसत नाहीत. बरोबर आहे, बऱ्याचशा तिथे नसतातच. सातपूरची एखादी सॉफ्टवेअर कंपनी ढाक्याच्या कारखान्याला प्रणाली पुरवते तेव्हा त्या सेवेला जमिनीची सीमा काय आणि समुद्राची काय, सारखीच. पैसे बँकेत येतात, बँक त्यांना परपज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, लावते, ती नोंद रिझर्व्ह बँकेकडे जाते आणि त्यातून देयशेष, म्हणजे देशाच्या परदेशांशी होणाऱ्या देण्याघेण्याचा हिशेब, तयार होतो. दर महिन्याला जाहीर होतो तो सेवांचा एकूण आकडा, देशवार नाही. त्यामुळे बांगलादेशापुरता सेवा-व्यापार तुला तयार मिळणार नाही. तू जमिनीच्या सीमेवर लिहिते आहेस, तेव्हा क्षेत्र कमी कर. जमिनीची सीमा सेवेला दोनच जागी भेटते: वाहतुकीत आणि माणसाच्या येण्याजाण्यात.

वाहतूक बघ. नाशिक-पेट्रापोल भाडं कांद्याच्या किमतीत गेलं, ती सेवा-निर्यात नाही, मग गाडी दोन हजार किलोमीटर का धावेना. झिरो लाइन ओलांडून गाडी बेनापोलच्या आवारात जाते तो शेवटचा तुकडा, आणि तिथे माल उतरेपर्यंत उभी राहिली तर आयातदार देतो तो खोटीचा पैसा, ही आपली वाहतूक सेवा-निर्यात. ड्रायव्हर तिथे जेवतो ते आपलं सेवांचं आयात-बिल. रक्कम लहान आहे. पण हा खोटीचा पैसा बऱ्याचदा रोख किंवा पुढच्या व्यवहारात वळता होतो, बँकेत येत नाही, म्हणून परपज कोडात सापडत नाही. तुला तो हवा असेल तर गाडीमालकांच्या वह्या बघाव्या लागतील. पिंपळगावचे दोन-तीन वाहतूकदार दाखवतील, मी सांगून ठेवतो.

माणसांचा भाग मोठा. कोलकात्यात, चेन्नईत उपचाराला येणारा बांगलादेशी रुग्ण पेट्रापोलवरून चालत येतो. त्याचं ऑपरेशन, औषधं, नातेवाइकाची खोली, जेवण, हे सगळं प्रवास या सेवेत भारताची निर्यात म्हणून धरायचं असतं. इथे मोजणी अशी होते: इमिग्रेशनला डोकी मोजलेली असतात, त्याला पाहणीतून काढलेल्या सरासरी खर्चाने गुणायचं. गुणाकार सोपा, सरासरी अवघड. वैद्यकीय व्हिसावर आलेला एक रुग्ण आणि पर्यटक व्हिसावर आलेला त्याचा भाऊ, जो खरं तर औषधं घ्यायला आला आहे, यांना एकच सरासरी लावली की चुकलं. 2024 च्या ऑगस्टनंतर बांगलादेशींना भारताचे व्हिसा फार कमी मिळू लागले. कस्टम्सच्या एकाही कागदावर याची रेघ उमटली नाही, तरी ही निर्यात घटली. तुझ्या प्रबंधात सेवांचं एकच प्रकरण असेल तर ते यावर असू दे.

एक गोष्ट सेवेत घालू नकोस. नाशिकच्या सोसायटीत वर्षानुवर्षं राहणारा नेपाळी रखवालदार घरी पैसे पाठवतो, तो सेवांचा व्यापार नाही. तो इथला रहिवासी झाला, त्याचे पैसे म्हणजे घरी पाठवलेली रक्कम. तीन-चार महिन्यांसाठी येऊन परत जाणारा मजूर असेल तर ती वेतन-मिळकत, तीही सेवा नाही. देयशेषात दोघांच्या जागा वेगळ्या आहेत.

राहिला तुझा प्रश्न, कुठला आकडा धरू. दोन्ही दे, शेजारी शेजारी, महिन्याप्रमाणे, टन आणि डॉलर वेगळे. कांद्यासाठी दोन्ही देशांत सहा अंकी सांकेतांक 070310 हाच आहे. पण त्यात छोटे शॅलट कांदेही येतात, आणि सुकवलेला कांदा 0712 मध्ये जातो, तो मिसळू देऊ नकोस. टनांतला फरक दोन-तीन टक्क्यांत बसला तर घट आणि बारदान म्हणून सोड. त्याहून मोठा असेल तर आधी नाके तपास, मग तारखा. डॉलरचा फरक आधी अधिसूचनांच्या रेघांवर ठेवून बघ आणि मग भाड्याच्या रकान्याकडे ये. द्राक्षाचं याच पद्धतीने करशील तर जानेवारी ते एप्रिल एवढेच महिने घे. आणि दिवाळीच्या सुट्टीत खळ्यावर ये. ज्यांच्या मालकांनी परवानगी दिली आहे अशा एका गाडीचे सगळे कागद, बाजार समितीच्या पावतीपासून बेनापोलच्या काट्याच्या चिठ्ठीपर्यंत, मी नावं झाकून तुझ्यापुढे ठेवतो. सोबत कॅल्क्युलेटर आण, लॅपटॉपची गरज पडणार नाही.